यंत्राची टीप आणि हाताची कला

शिवणयंत्रावर केलेल्या सजावटीच्या कामास कला म्हणावें कीं नाहीं, असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जातो. आजीच्या हातचा कशिदा आपण पेटींत जपून ठेवितों. पण सुनेनें फिती व रंगीत दोरे लावून सजविलेलें झबलें पाहिलें, कीं ‘त्यांत काय, यंत्रानें केलें!’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. हा न्याय बरोबर नाहीं, असें आमचें मत आहे.

वात्स्यायनानें सांगितलेल्या चौसष्ट कलांत सूचीवानकर्म ही एक आहे. हातांतील ती सुई पुढें यंत्रांत बसली. बार्तेलेमी तिमोनिए ह्या फ्रेंच शिंप्यानें १८३० सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्याची सुई आकड्याची असून ती आपल्याकडील आरीप्रमाणें एकाच दोऱ्यानें साखळी टाका घाली. पोटावर पाय येईल ह्या भीतीनें पॅरिसच्या शिंप्यांनीं १८३१ सालीं त्याचीं यंत्रें मोडून टाकिलीं. अमेरिकेंतील इलायस हाउ ह्यास १८४६ सालीं पेटंट मिळालेल्या यंत्रांत मात्र दोन दोरे होते : एक वरचा, सुईंतला, दुसरा खालचा. दोन्ही दोरे कापडाच्या मध्यावर एकमेकांस अडकतात. आजची घरगुती टीप तीच.

सजावटीचें मर्म ह्या खालच्या दोऱ्यांत आहे. जाड रेशमी वा जरीचा दोरा सुईच्या नेढ्यांतून नीट चालत नाहीं. पिंजतो किंवा तुटतो. म्हणून तो हातानें बॉबिनवर गुंडाळावा, बॉबिन-केसचा लहान स्क्रू किंचित् सैल करावा, नक्षी कापडाच्या उलट बाजूवर रेखावी आणि सुलट बाजू खालीं ठेवून शिवावें. म्हणजे शोभेचा दोरा खालीं, दृष्टीआड उमटत जातो व सुईंतला बारीक दोरा त्यास धरून ठेवितो. ह्या कामास निराळी बॉबिन-केस ठेविल्यास रोजच्या शिवणाचा ताण बिघडत नाहीं.

फीत मात्र वरूनच शिवावी. ती आधीं धुवून वाळवावी, म्हणजे मागाहून आटून कापडास चुण्या पडत नाहींत. न ताणतां धावदोऱ्यानें टाचून दोन्ही कडांच्या टिपा एकाच दिशेनें घालाव्या. उलटसुलट घातल्यास फीत पिळवटते.

आतां यंत्राचा वांटा किती, तें पाहूं. वळणदार वेलबुट्टी भरावयाची असल्यास कापड सरकविणारे दाते खालीं करितात वा झांकितात, आणि कापड गोल चौकटींत ताणून बसवितात. यंत्र मग केवळ सुई वरखालीं करितें. टाका लांब कीं आखूड, रेघ कोठें वळावी, हें सर्व कापड फिरविणाऱ्या हातावर अवलंबून असतें. लेखणी एका जागीं ठेवून कागद फिरवीत अक्षर काढण्यासारखेंच तें आहे. संगणकाच्या साह्यानें आपोआप नक्षी भरणारीं यंत्रें आज मिळतात, हें खरें. पण साध्या यंत्रावर हें साधणारीचें कौशल्य त्यामुळें उणें होत नाहीं.

ह्यास व्यवहाराचीही बाजू आहे. ओळखीच्या बायका चार पोलकीं आणून देतात आणि दोरा-फितीचे पैसे हातावर ठेवून मोकळ्या होतात. वेळेचें व विद्येचें मोल कोणी विचारीत नाहीं. उलट ‘शेजाऱ्यांकडून काय घ्यावयाचें?’ म्हणून घरचीं वडील माणसें तिलाच गप्प बसवितात. तेंच काम बाजारांत दिलें असतां मजुरी मोजावी लागते, हें त्या वेळीं कोणास आठवत नाहीं. आमची सूचना अशी, कीं घरांतील कर्त्या मंडळींनींच पुढें होऊन दर ठरवून द्यावा. वहींत साहित्याचा रकाना निराळा व मजुरीचा निराळा ठेवावा, आणि आलेली मजुरी जिची तिच्या हातीं द्यावी.