डोंगराचा घसारा कोण लिहिणार?

ऑकलंडच्या पेनरोज उपनगरात एक डोंगर होता. माओरी त्याला रारोटोंगा म्हणत. गोऱ्यांनी त्याचे माउंट स्मार्ट केले. ज्वालामुखीने उभारलेला, समुद्रसपाटीपासून 87 मीटर उंचीचा, अंगावर माओरींची तटबंदीची वस्ती वागवणारा. तो आज नाही. त्याची सच्छिद्र खडी ऑकलंडच्या रस्त्यांखाली आणि रेल्वेच्या रुळांखाली गेली. उरलेल्या खाणीत 1967 साली क्रीडांगण उघडले आणि 1990 च्या राष्ट्रकुल स्पर्धांत जगभरचे धावपटू तिथे धावले. पुढे 2014 साली न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून ऑकलंडमधले 14 ज्वालामुखी डोंगर माओरींच्या समूहाला परत केले. त्या यादीत रारोटोंगाही आहे. परत मिळाला तो खड्डा, आणि कारभार राहिला महापालिकेकडेच!

आता हिशेब पाहा. त्या खाणीतून खडी वाहणाऱ्या गाडीचा घसारा मालकाने दरवर्षी वहीत लिहिला असेल. गाडी झिजते, म्हणून नफ्यातून तेवढी रक्कम वजा करायची, हे वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल. पण गाडीत भरलेला डोंगर? त्याचा घसारा शून्य. विकल्या गेलेल्या खडीची किंमत उत्पन्नात जमा, मजुरी जमा, पुढे क्रीडांगणाच्या तिकिटांचे पैसेही जमा. अख्खा डोंगर गेला आणि राष्ट्राच्या वहीत त्याबद्दल वजाबाकीची एक ओळ नाही. एखाद्या पेढीच्या मुनिमाने असे हिशेब लिहिले असते, तर शेटजींनी त्याला त्याच दिवशी हाकलला असता. इथे मात्र याच मुनिमीला आपण अर्थशास्त्र म्हणतो, तिच्या पदव्या वाटतो आणि त्या पदवीधरांच्या हाती देशांच्या तिजोऱ्या देतो.

म्हणून विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर शाश्वत विकास शिकावा का, हा प्रश्न आम्हाला निरर्थक वाटतो. डोंगर, नदी, माती आणि हवा वगळून जे शिकवले जाते ते अर्धे अर्थशास्त्र आहे, आणि अर्धे अर्थशास्त्र हे अज्ञानाहून घातक. अज्ञानी माणूस निदान अंदाजपत्रक मांडायला बसत नाही.

ऑकलंडमध्ये या दुखण्यावर एक उपाय निघाला आहे. तिथल्या विद्यापीठाने ‘ग्लोबल स्टडीज’ची पदवी काढली आणि तीत ‘जागतिक पर्यावरण आणि शाश्वत विकास’ हा मुख्य विषय ठेवला. न्यूझीलंडमध्ये जोडपदवीचीही सोय आहे. तिथली मुले तिला ‘कॉनजॉइंट’ म्हणतात. त्यामुळे वाणिज्य शाखेतले अर्थशास्त्र आणि हा विषय हातात हात घालून शिकता येतात. चांगले आहे. ऑकलंडच्या मराठी घरांत मात्र या जोडीचे नाव निघाले की कपाळाला आठ्या पडतात. ‘इकॉनॉमिक्स घे बाळा, पण ते सस्टेनेबल कशाला? त्याने नोकरी मिळते का?’ सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव सोडून सातासमुद्रापार गेलेल्या माणसांनी हा प्रश्न विचारावा याचे आम्हाला नवल वाटत नाही. गाव सोडतानाही त्यांना कुणी दुसरा हिशेब शिकवला नव्हता.

पण जोडपदवीच्या कौतुकात आम्ही वाहून जाणार नाही. दोन पदव्या शेजारीशेजारी ठेवल्याने त्यांचे लग्न लागत नाही. सकाळच्या तासाला एक प्राध्यापक सांगतो की बाजारभावात सगळी माहिती येते; दुपारच्या तासाला दुसरा सांगतो की बाजारभावातून महत्त्वाचे जवळजवळ सगळेच निसटते. दोघेही आपापल्या जागी गुण देतात. भांडण सोडवायचे काम एकोणीस वर्षांच्या पोरावर टाकून दोन्ही विभाग आपापल्या मजल्यावर चहा पितात! आमचा आक्षेप शेजारधर्म पाळणाऱ्या या विषयांवर आहे. एकाच वहीत, एकाच पानावर जमा आणि खर्च दोन्ही लिहायला शिकवा.

आणि हे न्यूझीलंडला कुणी बाहेरून सांगण्याची गरज नाही. मॅरिलिन वॉरिंग ही त्याच देशाची मुलगी. 1975 साली वयाच्या 23व्या वर्षी संसदेत गेली, पुढे सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या समितीची अध्यक्ष झाली, आणि खर्चाच्या वह्या चाळताना तिच्या लक्षात आले की स्त्रीने घरी केलेले काम आणि निसर्गाने फुकट दिलेले पाणी, दोन्ही राष्ट्रीय उत्पन्नाच्या दृष्टीने नाहीतच. 1988 साली तिने ‘इफ विमेन काउंटेड’ हे पुस्तक लिहून संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबपद्धतीलाच आव्हान दिले. ती पुढे ऑकलंडमध्येच प्राध्यापक झाली. म्हणजे हे ज्ञान त्या शहराच्या उंबरठ्याच्या आत होते. 2019 साली सरकारने ‘कल्याणाचा अर्थसंकल्प’ मांडला तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या. पण त्याच देशातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्याकडे पाहा. सामाजिक, आर्थिक, पर्यावरणीय आणि सांस्कृतिक कल्याण ही चार उद्दिष्टे 2002 साली कायद्यात आली, सरकार बदलल्यानंतर 2012 साली काढली गेली, 2019 साली पुन्हा आत आली. निवडणुकीच्या वाऱ्यावर ज्या देशात कल्याण आतबाहेर करते, तिथल्या पदवीधराला पक्का पाया विद्यापीठानेच द्यायला हवा. 27 जानेवारी 2023 रोजी ऑकलंडवर आभाळ कोसळले, चार माणसे मेली, घरे बुडाली. त्यानंतरची दुरुस्ती, कंत्राटे, नवी सामग्री ही सारी उत्पन्नाच्या बाजूला जमा झाली. बुडण्यालाही वाढ म्हणणाऱ्या शास्त्राला शास्त्र म्हणताना निदान जीभ अडखळली पाहिजे.

आता आपल्या अंगणात येऊ, कारण पेनरोजला नावे ठेवून पुण्यामुंबईच्या विद्वानांची सुटका होणार नाही. आपल्याकडे हा विचार परदेशातून आणावा लागणार नव्हता. जोतीराव फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. त्यात शेतकऱ्याचे कर्ज आहे, सारा आहे, अंमलदारांची लूट आहे, आणि त्याच पुस्तकात वाहून जाणारी सुपीक माती, अडवायचे पाणी, बांधायच्या ताली आणि जंगल खात्याने हिरावलेली चराईही आहे. जोतीरावांनी कर्ज आणि माती वेगवेगळ्या विभागांत वाटली नाही, कारण शेतकऱ्याच्या आयुष्यात ती वेगळी नव्हती. 1892 साली न्यायमूर्ती रानडे यांनी डेक्कन कॉलेजात उभे राहून इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना सरसकट लागू नाहीत असे बजावले. पुण्याच्या गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभाचा गावोगाव फिरून अभ्यास केला आणि 1948 साली तो छापला. त्यांचे चिरंजीव माधव गाडगीळ परिसरशास्त्राकडे वळले. कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास करताना त्यांना दिसले की कागद गिरणीला सरकार टनाला दीड रुपयाने बांबू देते आणि टोपल्या विणणाऱ्या बुरडाला तोच बांबू बाजारात त्याच्या शेकडो पट दराने घ्यावा लागतो. जंगल का संपते याचे उत्तर त्या दीड रुपयात आहे. ते शोधायला परिसरशास्त्रही लागते आणि अर्थशास्त्रही. बाप अर्थशास्त्रज्ञ, लेक परिसरशास्त्रज्ञ; एका मराठी घरात जे जुळले ते आपल्या विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना इतक्या वर्षांत जुळवता आले नाही! माधवरावांच्या समितीने 2011 साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला, तेव्हा त्याला विकासविरोधी म्हणून बाजूला सारणाऱ्यांत अर्थशास्त्राचे पदवीधर थोडे नव्हते. 30 जुलै 2014 रोजी माळीण गावावर डोंगर आला, 2021 साली तळीयेवर, 2023 साली इर्शाळवाडीवर. यातली कोणती दरड कोणत्या पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या प्रकरणात शिरली, हे आम्हाला अभ्यास मंडळाच्या सभासदांनी दाखवावे.

ते दाखवतील पर्यावरण अभ्यासाचा ‘ईव्हीएस’ हा पेपर. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचे करा म्हटले. बारा वर्षे चालढकल झाली. 2003 साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तकही लिहिले. आणि महाविद्यालयांनी त्याचे काय केले? परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड चाळायचे, झेरॉक्सच्या दुकानातून तयार ‘प्रोजेक्ट’ आणायचे, त्यावर आपले नाव आणि हजेरी क्रमांक घालायचा, आणि ओझोनच्या थरावर दोन पाने लिहून पास व्हायचे. न्यायालयाचा हुकूम झेरॉक्सच्या भावाने पाळला गेला. आता नव्या शैक्षणिक धोरणात तो विषय मूल्यशिक्षणाच्या गटात जाऊन बसला आहे. म्हणजे खाण ही आता नीतिपाठाची बाब झाली! झाडे लावावीत, पाणी जपावे, खोटे बोलू नये. आम्ही म्हणतो, पर्यावरण हा सुविचार नव्हे. तो किमतीचा, मालकीचा, कर्जाचा आणि वाटणीचा विषय आहे, आणि त्याची जागा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात आहे.

एक उदाहरण पुरे. कुठल्याही धरणाच्या, महामार्गाच्या, खाणीच्या अहवालात भविष्यातले नुकसान आजच्या पैशांत आणण्यासाठी एक वटावाचा दर लावतात. समजा, 50 वर्षांनी एक कोटी रुपयांचे नुकसान होणार आहे. दर 10 टक्के धरला तर ते आज फक्त 85 हजार रुपयांचे दिसते. दर 2 टक्के धरला तर तेच नुकसान 37 लाखांवर जाते. डोंगर तोच, दरड तीच, माणसे तीच. फक्त एका आकड्याने नातवंडांची किंमत कोटीवरून हजारांवर आणली. हा आकडा कोण ठरवतो, कोणत्या अधिकाराने ठरवतो? 2006 साली निकोलस स्टर्न यांनी हवामान बदलाच्या अहवालात हा दर खाली धरला, म्हणून अमेरिकेच्या विल्यम नॉर्डहाउस यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. नॉर्डहाउस यांना 2018 साली नोबेलही मिळाले. इतक्या मोठ्या माणसांचे या एका आकड्यावर एकमत नाही, आणि आपला तृतीय वर्षाचा विद्यार्थी तो कोष्टकातून उतरवून घेतो आणि दोन गुण मिळवतो. दुसऱ्या बाजूलाही आम्ही ऐकवून ठेवतो. शाश्वत विकासाची पदवी घेणाऱ्याला हा हिशेब मांडता येत नसेल, तर त्याने नदीकाठी उभे राहून हळहळण्याखेरीज काही हाती लागणार नाही. कंत्राटदाराच्या सल्लागाराने फेकलेला आकडा खोडायला डोळ्यांतले पाणी उपयोगी पडत नाही. त्याला गणितच लागते.

महाराष्ट्राचा ऊस घ्या. कृषिमूल्य आयोगाने दाखवले की राज्याच्या लागवडीखालील जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा पितो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी रेल्वेने न्यावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. साखरेच्या पोत्याच्या किमतीत ते पाणी कुठे आहे? मराठवाड्यातल्या किती महाविद्यालयांत अर्थशास्त्राच्या मुलांनी हा हिशेब मांडला? कारखान्याचे संचालक महाविद्यालयाच्या संस्थेवरही असतात, हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. तरीही प्रश्न विचारणे भाग आहे. आणि साधने नाहीत असे नाही. केंद्राला 2013 साली पार्थ दासगुप्ता यांच्या समितीने हिरव्या राष्ट्रीय हिशेबाचा आराखडा दिला. सांख्यिकी मंत्रालय 2018 पासून पर्यावरणाच्या हिशेबाची पुस्तके काढते. सगळे फुकट उपलब्ध आहे. ती किती प्राध्यापकांच्या टेबलावर उघडी दिसतात?

कुलगुरूंनो, तुम्हाला नवी इमारत नको, नवे केंद्र नको, उद्घाटनाची फीतही नको. राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण शिकवाल त्याच तासाला जंगलाचा, मातीचा आणि भूजलाचा घसारा शिकवा, आणि तो परीक्षेत सक्तीचा ठेवा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातल्या एका खाणीचा, एका बंधाऱ्याचा किंवा एका कारखान्याचा जमाखर्च पदवीपूर्वी लिहून ग्रामसभेसमोर वाचावा. ईव्हीएसचा सध्याचा पेपर बंद करा. तो ठेवण्यात फक्त झेरॉक्सवाल्याचे हित आहे. आणि हे शिकवणार कोण, असे विचाराल, तर त्याचे उत्तर तुमच्याच दप्तरात आहे. राज्याच्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तुम्ही तासिका तत्त्वावर माणसे राबवता. तासाला मोजून पैसे देता आणि उन्हाळ्यात तेही देत नाही. ज्याला पुढच्या जूनमध्ये नोकरी असेल की नाही याची खात्री नाही, त्याने पोरांना घेऊन खाणीवर जावे, कारखान्याच्या चेअरमनला आकडे विचारावेत, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करता? त्या जागा येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत भरा.