चेटकिणींच्या माथी मारू नका

आमच्या धाकट्या जावेची मुलगी यंदा सातवीत आहे. मागच्या सुट्टीत ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक छातीशी धरून घरभर फिरत होती. काळं मुखपृष्ठ, त्यावर लाल डोळ्यांचा कावळा. “काकू, मॅकबेथ आहे, पण भारी आहे,” म्हणाली. तो ‘पण’ मला तेव्हाच खटकला. बी. ए.ला आम्हाला मॅकबेथ नेमलेलं होतं, म्हणून उत्सुकतेनं दोन दुपारी लावून मी ते वाचून काढलं.

त्यात काय होतं ते सांगते. तीन चेटकिणी एका शापित मण्यातून मॅकबेथच्या मनाचा ताबा घेतात. राजाचा खून होतो तो त्या मण्यामुळे. मॅकबेथची बायको तर बिचारी झपाटलेलीच. मग दोन धाडसी मुलं पाताळात उतरतात, मणी फोडतात, नवरा-बायको शुद्धीवर येतात. राजासुद्धा उठून बसतो. शेवटी मेजवानी!

जुन्या शोकांतिका मुलांसाठी अशा अद्भुत, भयानक साहसकथा करून लिहायची आता टूमच निघाली आहे. माझं भांडण अंधाराशी नाही, भुताखेतांशी तर मुळीच नाही. मॅकबेथमध्ये चेटकिणी आहेत, हॅम्लेटमध्ये बापाचं भूत आहे. आणखी दहा भुतं घाला, माझी ना नाही. माझं भांडण आहे ते रक्त कुणाच्या हाताला लागलंय हे बदलण्याशी.

मूळ नाटकातल्या चेटकिणी मॅकबेथला फक्त एवढंच सांगतात, की तू राजा होशील. राजाला मार, असं त्या कुठेही म्हणत नाहीत. तेव्हा शेजारी बँको उभा असतो. त्यालाही त्या सांगतात, की तुझ्या वंशात राजे होतील. ते ऐकून बँको कुणावर सुरी उगारत नाही, मॅकबेथ उगारतो. सगळं नाटक या फरकावर उभं आहे. मणी आणलात की हा फरकच पुसला जातो, आणि उरते ती नुसती पळापळ.

बायकोचं तर मला जास्तच वाईट वाटलं. लेडी मॅकबेथ पहारेकऱ्यांना गुंगीचं पाजते, नवरा कचरतो तेव्हा त्याला टोचून बोलते, खंजीर परत नेऊन ठेवते. आणि पुढे झोपेत चालत रात्र रात्र हात धूत राहते. ते हात तिचे स्वतःचे असतात म्हणून तर ते निघत नाहीत! तिला झपाटलेली करून लेखकाला वाटलं असेल, बाईला न्याय दिला. कसला न्याय? तिचा गुन्हा काढून घेताना तिची अक्कल, इच्छा आणि पश्चात्ताप, सगळंच काढून घेतलं. बाई वाईट वागली तर ‘अंगात आलं असेल’ म्हणायची आपल्याकडची सवय काय कमी आहे, की ती इंग्रजीतून परत शिकवावी?

कुणी म्हणेल, लहान मुलांना इतकं दुःख कशाला? हे जुनंच आहे. 1681 मध्ये नेहम टेट नावाच्या गृहस्थानं किंग लिअरचा शेवट गोड केला. कॉर्डेलिया जगते, तिचं लग्न ठरतं, म्हाताऱ्याला राज्य परत मिळतं. तो गोड लिअर पुढे दीडशे वर्षं रंगभूमीवर ठाण मांडून होता. 1838 मध्ये मॅक्रेडी या नटानं मूळ लिअर परत आणला, आणि आज टेटचा लिअर कुणी बघायला मागत नाही. उद्या ‘नटसम्राट’मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांना जादूची अंगठी देऊन घरदार परत मिळवून दिलं, तर आपल्याला चालेल का? उलट चार्ल्स आणि मेरी लॅम या भावाबहिणीनं 1807 साली खास मुलांसाठी शेक्सपिअरच्या गोष्टी लिहिल्या. भाषा सोपी केली, पण त्यांची कॉर्डेलिया मरते आणि त्यांचा मॅकबेथ आपल्याच करणीनं जातो.

आणि भुतंच हवीत तर आपल्या मुधोळच्या रन्नाकडे बघा. बांगडीवाल्याच्या घरातला हा जैन कवी. त्याच्या ‘गदायुद्ध’ काव्यात दुर्योधन प्रेतांनी भरलेल्या रणांगणातून चालतो, तेव्हा एक भूत त्याला हटकतं, मी मरुळ की तू? कन्नडमध्ये मरुळ म्हणजे भूत आणि वेडाही. भूत आहे, काळोख आहे, पण ते दुर्योधनाचं पाप आपल्या डोक्यावर घेत नाही, त्याच्याच पदरात घालतं. भासाच्या ‘ऊरुभंग’ नाटकात तर त्याचा लहान मुलगा दुर्जय येतो आणि मोडलेल्या मांडीवर बसायला बघतो. नाटककारानं लहान मूल थेट त्या दुःखाच्या मधोमध आणून उभं केलंय. आपणच मुलांना मेणाची समजतो.

आता घरातलं सांगते. त्याच सुमारास आमच्या पोरीनं वर्गात एक खोटं सांगितलं होतं आणि दुसऱ्याच मुलीला शिक्षा झाली होती. विचारलं तर म्हणे, “ग्रुपनं मला करायला लावलं.” हे त्या पुस्तकामुळे झालं असं मी म्हणणार नाही, खोटं आम्हीही बोललो लहानपणी. पण मण्याची गोष्ट तिच्या काय कामाची होती? मी मेथी निवडता निवडता तिला खरा मॅकबेथ सांगितला. बराच वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, “काकू, बँकोनं पण तेच ऐकलं होतं ना?”

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ती त्या मुलीच्या घरी जाऊन आली. ती मुलगी अजून धड बोलत नाही तिच्याशी. असू दे. क्षमा मागितली की लगेच मिळते, असंही मुलांना शिकवू नये.

म्हणून म्हणते, बायांनो, असं पुस्तक विकत घेण्याआधी शेवटची दहा पानं चाळा. भूत किती भयानक आहे ते बघू नका. केलं त्यानं भरलं का, एवढं बघा. नसेल तर परत ठेवा आणि घरी येऊन गोष्ट स्वतः सांगा.