पोहरादेवीत कॅमेऱ्यांना न दिसलेले

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथेच आहे. पण वाहिन्यांच्या गाड्या इथे धावल्या त्या २३ फेब्रुवारी २०२१ रोजी, ऐन कोरोनात एका मंत्र्यांच्या भेटीवेळी उसळलेल्या गर्दीसाठी. पुढे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी इथे नंगारा वाजवला, बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले आणि ती काही सेकंदांची दृश्ये मोबाइलवरून घरोघरी पोहोचली. दोन्ही बातम्याच होत्या. त्या द्यायलाच हव्या होत्या. आमची तक्रार उरलेल्या दिवसांबद्दल आहे.

होळीच्या सुमारास तांड्यात डफावर लेंगी गीते रंगतात. एकाने ओळ टाकायची, इतरांनी उचलायची. रात्र सरते तसा ठेका बदलतो. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये यातला फक्त गोंगाट मावतो. बंजारा स्त्रियांच्या फेटिया-कांचळीवरचे, म्हणजे घागरा-चोळीवरचे, भरतकाम तर त्याहून संथ. आरशाचा तुकडा चारी बाजूंनी टाक्यांत बसवायचा, मग कवडी, मग पुन्हा सुई. म्हातारीच्या बोटांत ही कला आहे, नातीच्या हाती मोबाइल.

‘लोक जे पाहतात तेच आम्ही दाखवतो’, हे वाहिन्यांचे उत्तर आम्हाला पटत नाही. दाखवलेच नाही ते लोक पाहतील कसे? वृत्तपत्रेही या दोषातून सुटत नाहीत, आम्हीही नाही. रामनवमीच्या यात्रेला वार्ताहर जातातच. यंदा त्यांनी गर्दीचा आकडा पाठवून परत फिरू नये. एक रात्र तांड्यावर राहावे, बंजारांच्या गोरबोलीतले एक अख्खे गीत गाणाऱ्याच्या नावासह ध्वनिमुद्रित करावे. त्यासाठी जागा आम्ही देऊ.