मोठ्यांना कोण शिकवणार?

धरमपेठेतून पहाटे फिरायला निघणारी कितीतरी मंडळी सेमिनरी हिल्सचा चढ चढतात, तेलंगखेडीच्या मारुतीला नमस्कार करतात आणि चहाच्या वेळेला घरी परततात. टेकडीला हे नाव का पडले, हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. कॅथलिक धर्मगुरू घडविणारी सेंट चार्ल्स सेमिनरी तेथे आहे. धर्मगुरू व्हायचे तर तत्त्वज्ञानाचा आणि धर्मशास्त्राचा वर्षानुवर्षे अभ्यास करावा लागतो, हे ऐकून तरी ठाऊक असते. पण त्या धर्मगुरूसमोर रविवारी बाकावर बसणारा बँकेतील कारकून, रेल्वेतील फोरमन, शाळेतील शिक्षिका यांच्या धर्मशिक्षणाचे काय? चर्चने हा प्रश्न स्वतःला विचारला आहे. हिंदू समाजाने तो अद्याप विचारलेला नाही.

संघाचे जन्मस्थान आणि दीक्षाभूमीचे शहर म्हणून नागपूर देशाला परिचित आहे. उत्तर भारतातील प्रॉटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना याच शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी केली आणि देशातील चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालयही येथेच आहे, ही गोष्ट मात्र नागपूरकरांनाही अनेकदा सांगावी लागते. शेजाऱ्याच्या घरात काय चालते याची माहिती नसणे हे सहिष्णुतेचे लक्षण नव्हे. ते केवळ आळसाचे लक्षण आहे.

रोमच्या १९७१ च्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेने स्पष्ट सांगितले की, प्रौढांचे धर्मशिक्षण हाच धर्मशिक्षणाचा प्रमुख प्रकार होय, बाकीचे प्रकार या ना त्या रीतीने त्याच्याकडेच वळलेले असतात. पुढल्याच वर्षी प्रौढांच्या दीक्षेचा जुना क्रमवार विधी नव्याने प्रसिद्ध झाला. प्रारंभीच्या शतकांत दीक्षार्थीला तीन-तीन वर्षे श्रोता म्हणून थांबावे लागे. आजही त्याची तयारी महिनोन्‌महिने चालते आणि स्नानसंस्कार शक्यतो पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्री होतो. विवाहापूर्वी वधूवरांचे वर्ग, बाळाच्या स्नानसंस्काराआधी आईबापांना सूचना, उपवासकाळातील प्रवचनमाला, घरोघरी बसणारे बायबलवाचनाचे गट अशी धर्मग्रामाची रचना असते. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षक हे सामान्य स्त्रीपुरुषांसाठी अधिकृत सेवापद ठरविले. शिकवणारा पाद्रीच असावा लागत नाही, हे त्यातील मर्म.

हे सारे सुरळीत चालते, असे मात्र समजू नये. दृढीकरणाचा संस्कार झाला की मुले धर्मशिक्षणाच्या वर्गाला रामराम ठोकतात, ही तक्रार तेथेही आहे. अमेरिकेतील बिशपांना १९९९ साली प्रौढांच्या श्रद्धाशिक्षणासाठी स्वतंत्र आराखडा काढावा लागला, तो उगाच नव्हे. पण दुखणे ओळखून त्याला नाव देणे आणि औषधाची चिठ्ठी लिहिणे एवढे तरी तेथे झाले.

येथे धर्मांतराचा विषय टाळून चालणार नाही. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ मध्ये समिती नेमली गेली. १९५६ च्या तिच्या अहवालाचा ठपका असा होता की, बहुतेक धर्मांतरे पटून नव्हे, तर निरनिराळ्या प्रलोभनांमुळे होतात. ख्रिस्ती संस्थांनी तो निष्कर्ष फेटाळला आणि वाद अजून मिटलेला नाही. पण समितीची कसोटी आणि चर्चच्या दीक्षाविधीची कसोटी मुळात एकच आहे. माणसाला पटले आहे काय, आणि पटण्याइतके त्याला शिकविले गेले आहे काय? वनवासी पाड्यावर घाईने होणारी दीक्षा चर्चच्या स्वतःच्या नियमातही बसत नाही, हे संबंधितांना त्यांच्याच ग्रंथाचा आधार देऊन विचारता येते. त्यासाठी तो ग्रंथ वाचलेला मात्र असावा लागतो.

शिकून, झगडून धर्म बदललेला मराठी माणूस म्हणजे नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. पुढे सुमारे दोन वर्षे वाचन, पत्रव्यवहार आणि मनाची ओढाताण चालली. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्या घरावर काय कोसळले, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त मराठी वाचकाने वाचलेलेच आहे. एक हिंदू विद्वान गेला याची हळहळ आजही वाटते, पण तो काहीही न वाचता गेला असे कोणालाही म्हणता येणार नाही. त्यानंतर टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला दिली ती भजने आणि कीर्तने.

येथेच थांबून विचार करण्याजोगे काही आहे. टिळकांच्याही पावणेतीनशे वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. १५७९ मध्ये आलेल्या या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्या मराठीत रचल्या. कारण त्याने ग्रंथातच नोंदवले आहे. जुनी पुराणे वाचण्यास मनाई झालेल्या नवख्रिस्ती मंडळींतील एका ब्राह्मणाने विचारले की, तुम्ही आम्हाला त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? ज्यांनी पोथ्या बंद केल्या त्यांनाच नवी पोथी लिहावी लागली, आणि तीही ओवीतच. दिवसभर राबून आलेल्या मोठ्या माणसाला धर्म कसा शिकवावा, याची रीत या भूमीत सापडलेली होती. पुराण, प्रवचन, कीर्तन, पारायण, चातुर्मासातील नेम ही सारी प्रौढशिक्षणाचीच साधने होती. पाद्र्याने ती ओळखली आणि उचलली. ज्यांची होती त्यांनी ती माळ्यावर टाकली.

धरमपेठेतील एखाद्या सुशिक्षित घराचे उदाहरण घ्यावे. गृहस्थ अभियंता आहे, सत्यनारायण करतो, शाखेत जाऊन आलेला आहे. त्याचे धर्मशिक्षण मात्र मुंजीबरोबर, म्हणजे आठव्या वर्षी सुरू होऊन बहुधा त्याच वर्षी संपले. कॉलेजात जाणारी मुलगी विचारते, मुंज मुलाचीच का? श्राद्ध कोणासाठी? गीता युद्ध करायला सांगते की मन आवरायला? बाप वर्तमानपत्र उघडतो. मुलगी उत्तर मोबाइलवर शोधते आणि तेथे उत्तर देणाऱ्यांची रांग लागलेली असते. धर्माबद्दल आवेश आहे, पण अभ्यास नाही, ही या घराची अवस्था आहे. कार्यकर्त्याचे घर तिला अपवाद आहे, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भातील खेड्यापाड्यांत सामुदायिक प्रार्थना रुजविली आणि ग्रामगीता शेतकऱ्याच्या हाती दिली. पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्यायाने कोळीवाड्यातल्या माणसाला गीतेपर्यंत नेले. अमेरिकेत चिन्मय मिशनच्या बालविहारात मुलांचा वर्ग चालू असताना आईबाप शेजारच्या खोलीत गीतेच्या अभ्यासाला बसतात. नागपुरात चाळीस वर्षे न वाचलेला अध्याय मराठी माणूस तेथे प्रथम उघडतो, कारण मूल घरी येऊन प्रश्न विचारणार हे त्याला ठाऊक असते.

धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर या भागांत शाळांना तोटा नाही आणि रविवारी सकाळी वर्ग रिकामे असतात. निवृत्त शिक्षक, संस्कृतचे प्राध्यापक, घरी ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या आजी यांचीही वाण नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत सतरा रविवार मिळतात. वीस माणसे, एक ग्रंथ, दीड तास एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. व्यासपीठ नको, हारतुरे नकोत, प्रमुख पाहुणे तर नकोतच. प्रश्न विचारण्याची मुभा मात्र हवी, कारण प्रवचन ऐकून घरी जाण्याची सवय समाजाला आहे, पण शंका विचारण्याची मोडली आहे. पहिल्या रविवारी ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय घ्यावा की ग्रामगीतेचा पहिला, यावर वाद होईल. तो त्या वर्गातच होऊ द्यावा.