आम्ही फेरीवाले

तरणतलावावर दोन प्रकारची माणसं येतात. एक, ज्यांना पाण्यात असायला आवडतं. दोन, ज्यांना पोहायला आवडतं. पहिले बहुसंख्य, मी दुसऱ्यांतला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं, परत यायचं, २५ मीटरच्या तलावात असं २० वेळा केलं की एक किलोमीटर होतो. बघणाऱ्याला यात काय मजा ते कळत नाही. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून मान-पाठ आखडलेल्या माणसाला मात्र लगेच कळतं.

आता हे एप्रिल-मे मध्ये जळगावात करून दाखवा. पारा ४३-४४ वर, तलाव मोजके, बॅच पाऊण तासाची आणि पाण्यात अख्खी गल्ली उतरलेली. दहा हात मारले नाहीत तोच समोर एक पोरगं सूर मारतं. ते चुकवावं तर एक काका उताणे, डोळे मिटून, तिरके तरंगत येतात. त्यांना स्टिअरिंग नाही आणि ब्रेकही नाही. त्यातूनही पलीकडची भिंत गाठलीच, तर तिला पाठ लावून सात-आठ जणांची बैठक भरलेली. विषय केळीचा भाव. हात टेकवायला जरा जागा मागितली की, "काय भो, एवढी घाई कशाची? भुसावळची गाडी चुकते का तुमची?" यावर काय बोलणार! हसायचं, दोन बैठकवाल्यांच्या मधे चार बोटं टेकवायची आणि वळायचं. सलग शंभर मीटर झाले तर त्या दिवशी घरी गोडधोड करावं अशी परिस्थिती.

वासाचंही जाता जाता सांगून टाकतो. "आज क्लोरीन जास्त झालंय" म्हणून लोक नाक मुरडतात. तो उग्र वास निव्वळ क्लोरीनचा नसतोच मुळी. घाम आणि (माफ करा) लघवी यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा आणि डोळे झोंबतात तेही त्यांच्यामुळेच. म्हणजे दोष क्लोरीन टाकणाऱ्याचा कमी आणि शॉवर न घेता थेट उडी मारणाऱ्यांचा जास्त. असो.

आमच्या फेरीवाल्यांचा (फेऱ्या मारणारे ते फेरीवाले, भाजीवाले नव्हे) यावर एक आवडता उपाय आहे : पोरांना बंद करा. मला तो अजिबात पटत नाही. मी पोहायला शिकलो धुळे जिल्ह्यात, पांझरेकाठी, मामाच्या विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधला, मामाने वरून ढकललं, झाला कोर्स पूर्ण. आज त्या विहिरीत मार्चनंतर पोहण्याइतकं पाणी नसतं. मग पोरं जातात कुठे? नदीच्या डोहात, धरणावर, नाहीतर शेततळ्यात. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, भले भले पट्टीचे पोहणारेही त्यावरून वर चढू शकत नाहीत. उन्हाळ्यात आपल्याकडच्या पेपरात बुडण्याच्या बातम्या येतात त्यात हीच ठिकाणं असतात. त्यामुळे तलावात पोरांची गर्दी दिसली की माझ्या फेऱ्यांचा विचका होतो खरा, पण बरंही वाटतं. तिथे निदान काठावर शिट्टी घेऊन कुणीतरी उभा असतो.

तेव्हा माझी तक्रार गर्दीबद्दल नाही. एवढी माणसं एका पाण्यात उतरणार हे माहीत असून कुणी काही ठरवतच नाही, याबद्दल आहे. नेटवर्किंग शिकलेल्यांना हे सांगायला नको. एका वायरवर सगळ्यांनी वाटेल तेव्हा बोलायचं ठरवलं की टकरा होतात, आणि मग तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पाठवण्यात वेळ जातो.

साधा हिशोब करू. स्पर्धेच्या तलावात एक लेन २.५ मीटरची असते. तलाव १५ मीटर रुंद धरला तर लेन झाल्या सहा. त्यातल्या कडेच्या दोन, दोरी बांधून वेगळ्या काढा. लेनमध्ये सगळ्यांनी डावीकडून जायचं आणि डावीकडूनच यायचं, रस्त्यावर गाडी चालवतो तसं (चालवायला हवी तसं!). आरामात पोहलं तरी जाऊन येऊन ५० मीटर मिनिटाभरात होतात. दोघांमधे दहा सेकंदांचं अंतर ठेवलं तरी एका लेनमध्ये सहा जण, दोन लेनमध्ये बारा. आमच्या बॅचचे सगळे फेरीवाले त्यात मावतात आणि चार लेनची जागा डुंबणाऱ्यांना, शिकणाऱ्यांना उरते. केळीची बैठकही बिनघोर चालू शकते.

इंग्लंडात सार्वजनिक तलावांवर लेनच्या टोकाला पाटी असते, संथ, मध्यम, जलद, आणि कुठल्या दिशेने फिरायचं त्याचा बाण. तिकडचं उदाहरण नको असेल तर आपलंच घ्या. पांझरेवर, मोसमवर फड पद्धत काही शतकं चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, पाणी पाळीने, आणि पाळी सांभाळायला पाटकरी. आता ती पद्धत बरीचशी मोडीत निघाली, पण कमी पाणी आणि जास्त माणसं हे गणित आपल्या पणजोबांनी कॉम्प्युटरशिवाय सोडवलं होतं. आणि आपल्याला डावी बाजू ठरवता येत नाही?

बरं, खर्चाचाही प्रश्न नाही. लेनच्या दोऱ्या आमच्या तलावाच्या स्टोअररूममध्ये गुंडाळून पडल्यात, मी बघितल्यात. व्यवस्थापकांना विचारलं तर म्हणाले, "स्पर्धा असली की बांधतो." एरवी का नाही? "लोक म्हणतात जागा अडवली." मग प्रयोग म्हणून आठवड्यातून तीनच दिवस, तेही सकाळच्या एकाच बॅचला बांधा म्हटलं. "उन्हाळा जाऊ द्या, मग बघू." जून लागला, शाळा उघडल्या की तलाव तसाही ओस पडतो, तेव्हा दोरी हवी कुणाला!

आणि बांधायची झालीच तर पहिली महिलांच्या बॅचला बांधा. पुरुषांना सकाळ-संध्याकाळ मिळून पाच बॅच, बायकांना एक, तीही दुपारी चारला, रणरणत्या उन्हात. पहिल्यांदाच पाण्यात उतरलेल्या, लेकींना घेऊन आलेल्या आया आणि नियमित पोहणाऱ्या, सगळ्या त्याच पाऊण तासात. माझ्या बहिणीने दोन आठवडे प्रयत्न केला. एकदाही सलग चार फेऱ्या झाल्या नाहीत. पासचे पंधरा दिवस शिल्लक असताना तिने जाणं सोडलं. मी निदान बॅच बदलून बघू शकतो, तिला बदलायला दुसरी बॅचच नाही.