कॅमेरा घ्यावा, पण राखण सोडू नये

पूर्वी गावाला जागल्या असे. रात्री काठी आपटत तो वेशीपासून वेशीपर्यंत फिरे आणि सुगीला आपले बलुते घेऊन जाई. आता तो काळ राहिला नाही. तरणी पोरे पुण्या-मुंबईला, आणि मळ्यातल्या वस्तीवर म्हातारा-म्हातारी दोघेच, असे चित्र कितीतरी शिवारांत दिसते. विहिरीवरची केबल, मोटार, ठिबकच्या नळ्या, गोठ्यातली शेळी, चाळीतला कांदा, तोडणीला आलेले डाळिंब, यांतले काय कधी जाईल याचा नेम राहिलेला नाही. त्यामुळे कॅमेरे विकणारे आता आठवडी बाजारापर्यंत पोचले आहेत आणि ग्रामपंचायतीही चौकात कॅमेरे लावण्याचे ठराव करू लागल्या आहेत.

कॅमेरा घेण्यात वावगे काहीच नाही. मात्र दुकानदार जे गणित सांगतो ते बहुधा शहरातल्या फ्लॅटचे असते. तिथे वीज चोवीस तास आणि नेटही चोवीस तास. आपण बियाणे घेताना आधी जमीन बघतो, पाण्याची सोय बघतो आणि मगच वाण ठरवतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. काय राखायचे, तिथे वीज किती आणि नेट किती, या तीन प्रश्नांची उत्तरे घेऊनच दुकानाची पायरी चढावी.

पहिला प्रश्न राखणीचा. "एका कॅमेऱ्यात सगळा मळा दिसतो," असे विकणारा सांगतो. मळा दिसतो हे खरे, पण चोर ओळखू येत नाही. सर्रास मिळणाऱ्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० ठिपक्यांची असते. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने पटायचा तर दर मीटरला २५० ठिपके लागतात, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. भागाकार केला तर साडेसात मीटर, म्हणजे २५ फूट रुंदीपर्यंतच चेहरा नीट मिळतो. रुंद दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात एवढी रुंदी बारा-तेरा फुटांवरच भरते. त्यापुढे कोणीतरी हालते एवढेच कळते. म्हणून कॅमेरा मोकळ्या रानावर न रोखता जिथून यावे-जावेच लागते अशा अरुंद जागी लावावा. फाटक, गोठ्याचे दार, पंपघराची वाट या त्या जागा. खांबावर फार उंच बसवला तर चोराची टोपी तेवढी दिसते. आठ-नऊ फूट उंची पुरे.

घेण्याआधी एक परीक्षा जरूर करावी. दुकानदाराला दिवे घालवून अंधारातले चित्र दाखवायला सांगावे. भरदुपारी सगळेच कॅमेरे चांगले असतात. रात्रीच्या दिव्यांभोवती किडे जमतात, त्यांच्या मागे कोळी येतो आणि काचेवर जाळे धरतो. आठवड्याला एकदा फडके मारले नाही तर महागातला कॅमेराही आंधळा होतो.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि बरेच पैसे इथेच वाया जातात. गावठाणात लाईट असते तेव्हाही शेतीपंपाच्या वाहिनीवर ठरावीक तासच वीज मिळते. आणि चोर हा अंधाराचाच मित्र. लाईट गेली की कॅमेरा बंद पडत असेल, तर तो नेमका गरजेच्या वेळी झोपणारा राखणदार झाला. एक कॅमेरा रात्री साधारण पाच वॉट वीज खातो. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासाची छोटी बॅटरी नवी असताना त्याला आठ-दहा तास, म्हणजे एक रात्र, नेऊ शकते. घरात इन्व्हर्टर असेल तर कॅमेरे आणि रेकॉर्डिंगचा डबा दोन्ही त्यावर घ्यावेत. बरेच जण एवढे करतात आणि नेटचा राउटर साध्या बोर्डावरच ठेवतात. मग लाईट गेली की कॅमेरा चालू, पण मोबाईलवर काही येत नाही. मळ्यात जिथे लाईट बेभरवशाची, तिथे सौर पत्रा आणि बॅटरीचा कॅमेरा बरा. त्यातले काही कॅमेरे हालचाल झाली तरच जागे होतात, हे मात्र विचारून घ्यावे. पावसाळ्यात सलग आभाळ राहिले तर बॅटरी किती दिवस टिकेल, हेही विचारावे.

तिसरा प्रश्न नेटचा. सिमकार्डाचे कॅमेरे आता सगळीकडे मिळतात. सेकंदाला एक मेगाबिटने चित्र पाठवले तर दोन जीबीचा रोजचा पॅक साडेचार तासांत संपतो. म्हणजे दिवसभर थेट चित्र बघत बसणे सिमवर परवडणारे नाही. रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर किंवा घरातल्या डब्यात व्हावे आणि हालचाल झाली तरच मोबाईलवर खबर यावी, अशी मांडणी ठेवावी. चार कॅमेऱ्यांचे दोन-दोन मेगाबिटचे अखंड रेकॉर्डिंग एक टीबीच्या डिस्कवर सुमारे अकरा दिवस राहते. पुढे नवे जुन्यावर चढते. चोरी उशिरा लक्षात आली तर हाती काही उरत नाही. शिवाय हा डबा दर्शनी खोलीत ठेवू नये. चोर आधी तोच उचलतो.

खरेदीत दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना माहिती-सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. पक्के बिल घ्यावे, बीआयएसचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा आणि बीआयएस केअर ॲपवर तो तपासावा. दुसरी गोष्ट पासवर्डची. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच टांगणे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले असे हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. बसवणारा पोरगा निघून गेला की पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

आता 'स्मार्ट' वस्तूंबद्दल. आपल्या शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. घरी बसून मोबाईलवरून मोटार चालू करणारा स्टार्टर शिवारात कधीचा आहे. रात्री-अपरात्री विहिरीवर जाणे टळते, साप-विंचवाचे भय टळते. म्हणून आधी पैसे घालायचे तर अशा स्टार्टरवर आणि अंगणातल्या हालचालीने लागणाऱ्या दिव्यावर घालावेत. घरातले मोबाईलवर चालणारे दिवे मात्र भिंतीवरचे बटण कोणी बंद केले की निकामी, आणि आपल्या घरात बटण बंद करण्याची सवय सगळ्यांनाच असते. मोबाईलवर चालणाऱ्या साध्या प्लगला पंप जोडू नये. मोटार उचलताना चालू प्रवाहाच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. त्यासाठी योग्य क्षमतेचा स्टार्टरच हवा.

ऑटो स्विचचा धडाही इथे आठवावा. वीज येताच डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकदम उचलतात, भार वाढतो आणि डीपी जळते. म्हणून तर महावितरण वारंवार सांगते की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. एकाची सोय बाकीच्यांना कशी भोवते याचा हा नमुना. कॅमेऱ्याचेही असेच होऊ शकते. आपल्या गोठ्याच्या राखणीसाठी लावलेला कॅमेरा शेजाऱ्याच्या न्हाणीघराकडे किंवा अंगणाकडे वळला, तर चोरी थांबेल की नाही कोण जाणे, पण भाऊबंदकी नक्की पेटेल.

ग्रामपंचायतींनी याचा जास्त विचार करायला हवा. चौकातला कॅमेरा गावाच्या पैशाचा, तेव्हा त्यातले चित्रही गावाच्या विश्वासाचे. कोणाची लेक कोणाशी बोलत उभी होती याची क्लिप मोबाईलवर फिरली, तर त्या पोरीची शाळा सुटते. हे नुकसान कोणत्या मोटारीच्या चोरीपेक्षा लहान आहे? म्हणून ठरावात नुसता कॅमेऱ्यांचा आकडा लिहून भागणार नाही. चित्रण कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कोणाच्या लेखी अर्जावर देणार, दुरुस्तीचा दरसालचा खर्च कोठून करणार, हे सगळे लिहावे. पासवर्ड ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे राहावा आणि बदली झाली की बदलावा. पाणवठा, धुण्याचा घाट आणि शौचालय यांच्याकडे कॅमेऱ्याचे तोंड असू नये.

चोरी झालीच तर आधी ११२ ला फोन करावा, पोलीस पाटलाला कळवावे आणि रेकॉर्डिंगचा डबा जसाच्या तसा ठेवावा. मोबाईलवर काढलेली क्लिप कोर्टात पुरेशी ठरेलच असे नाही. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीच्या खटल्यात निवडणूक कार्यालयातले व्हिडिओ चित्रणच वादाचा विषय झाले होते. मूळ यंत्र हजर केले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये त्या खटल्यात दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे. तेव्हा डब्याला परस्पर हात न लावता तो पोलिसांना दाखवावा.

शेवटी कॅमेरा चोराला धरत नाही, झालेले दाखवतो. धावून येणारी माणसेच लागतात. वस्तीवरच्या दहा घरांनी एकमेकांचे नंबर जवळ ठेवले, ग्रामसुरक्षा दलाची गस्त चालू राहिली, तर त्याच कॅमेऱ्याची किंमत वसूल होते. येत्या ग्रामसभेत हा विषय निघाला तर किती कॅमेरे, एवढेच विचारून थांबू नका. लाईट गेल्यावर ते किती तास चालतील आणि त्यांची किल्ली कोणाच्या हातात राहील, हे आधी विचारा.