पोटातल्या बाळाचा निर्णय आईचा. सिकलसेलच्या प्रश्नावर आपण तिच्या बाजूने आहोत का?

पूर्व विदर्भातल्या एका विहारात सिकलसेल तपासणीचे शिबिर होते. रक्ताचे नमुने घेऊन झाल्यावर चर्चा सुरू झाली. आपलाच एक कार्यकर्ता उठून म्हणाला, "गर्भाची तपासणी म्हणजे बहुजनांची संख्या कमी करण्याचा डाव आहे. आयाबहिणींनी याला बळी पडू नये." टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतली एक आई उभी राहिली. तिचा मुलगा सिकलसेलग्रस्त, म्हणजे एसएस. ती म्हणाली, "भाऊ, रात्री दोन वाजता पोरगा हाडं दुखतात म्हणून ओरडते, तेव्हा तुम्ही येत नाही. दुसऱ्या वेळी मी तपासणी केली, गर्भ पाडला. मी समाजाची वैरीण झाली का?" तिच्या शेजारची म्हणाली, "मलाही तपासणी सांगितली होती. मी नाही केली. माझी पोरगीही एसएस आहे. यंदा दहावी झाली. ती नसती तर, हा विचारच मला करवत नाही."

मित्रहो, या दोघींपैकी चूक कोण? माझ्या मते कोणीच नाही. चूक आपली आहे. दोघींच्या वतीने बोलायला आपण माइक घेतला, पण दोघींना विचारले नाही.

त्या कार्यकर्त्याची भीती मात्र हवेतून आलेली नाही. "हा त्यांच्या जातीतला आजार" हे वाक्य दवाखान्याच्या रांगेत आपण ऐकले आहे. ज्या व्यवस्थेने रक्ताच्या शुद्धतेवर माणसे तोलली, ती आता जनुकांवर तोलेल, अशी शंका येणारच. म्हणून विज्ञान नीट समजून घ्या. जिथे मलेरिया पिढ्यान् पिढ्या होता, तिथे हे जनुक टिकले, कारण वाहकाला गंभीर मलेरियापासून काही संरक्षण मिळते. आफ्रिकेत, अरब देशांत, ग्रीसमध्येही ते आहे. यात कोणाचे पाप नाही.

वाहक, म्हणजे एएस, हा रुग्ण नव्हे. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. "चारातले एक आजारी निघाले, आता बाकीचे सुटले" हा समज खोटा आहे. आणि फक्त सुनेला दोष देणे तर त्याहून खोटे. बापाचे जनुक आल्याशिवाय मूल एसएस होत नाही. वाहक वाहकाशीच लग्न करण्याची शक्यता वाढते ती जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांमुळे. जातीचे मूळ या बंदिस्त विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच मांडले होते.

आता "डाव" या शब्दाकडे येऊ. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या पुढाकाराने आला. तो पी. जे. रोहम यांनी मांडला आणि सभागृहाने फेटाळला. बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर आणि आयुष्य पिळून निघते, हा विषय बाबासाहेबांना राजकीय वाटत होता. त्यांचे नाव घेऊन आपण आईला गर्भ ठेवण्याचा हुकूम कसा काय देतो?

कायदाही पाठ करा. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीला फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची नाही, कार्यकर्त्याची तर नाहीच. लिंगनिदानावर बंदी घालणारा १९९४ चा कायदा सिकलसेलसारख्या रक्तविकारांच्या गर्भचाचणीला अटींसह परवानगी देतो. "पोटातली तपासणी बेकायदा आहे" असे सांगून कोणी परत पाठवत असेल, तर ते चूक आहे.

पण सरकारलाही सोडायचे नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे लक्ष्य ठरले. निर्मूलन आजाराचे की आजारी माणसाचे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्व मानले, पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्तविकारांना जागा दिली नाही. गावच्या आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया मिळत नसेल, वेदनेने तळमळणाऱ्या पोराला "नाटक करतो" म्हणत असतील, तर गर्भ पाडणाऱ्या आईने निवड केली असे म्हणता येईल का? तिला कोपऱ्यात ढकलले गेले. आणि वारेची किंवा गर्भजलाची चाचणी दूरच्या शहरात, बसभाडे आणि दोन दिवसांची मजुरी बुडवूनच होत असेल, तर तपासणी न करणाऱ्या आईनेही निवड केलेली नाही.

म्हणून आपल्या निवेदनात दोन्ही मागण्या एकत्र असल्या पाहिजेत. जिल्ह्यातच वेळेत, मोफत गर्भचाचणी आणि समुपदेशन. जन्मलेल्या प्रत्येक एसएस मुलाला औषध, रक्त, शिक्षण आणि नोकरीत वाटा. यातली एकच मागणी करणारा अर्धाच बोलतो.

तरुणांनो, लग्न ठरवण्याआधी स्वतःचे रक्त तपासा. वाहक निघालात तर लपवू नका, लाजू नका. पुढच्या शिबिरात माइक आधी त्या दोघींच्या हातात द्या आणि आपण सतरंजीवर बसून ऐका.

जय भीम!